होझिअरचा ‘अनरियल अनअर्थ’: आधी शफल बंद करा, मग खाली उतरा

आधीच कबूल करून टाकतो, मी स्वतःला होझिअर या आयरिश गायकाचा फॅन म्हणवतो आणि त्याचा 2023 च्या ऑगस्टमध्ये आलेला अल्बम मी नीट ऐकला तो बऱ्याच उशिरा, एका हिवाळ्यात, आणि त्याला माझा आळस जेवढा कारण तेवढंच ते एक गाणं कारण आहे. कुठलं ते तुम्हाला माहितीये. ‘टेक मी टू चर्च’. आलं 2013 ला, आमच्यापर्यंत नाशकात पोचेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं असेल, आणि 2015 च्या गॅदरिंगला आमच्या बँडने ते बसवलं होतं. बँड म्हणजे दोन गिटार, एक उसना कीबोर्ड आणि ढोलपथकातून उचलून आणलेला एक पोरगा, ज्याला ड्रमसेटवर बसवलं तरी हातातून नाशिक ढोलच निघायचा. गाण्यांची यादी घेऊन गेलो तर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, हे ख्रिसमसचं आहे का रे, मग राहू दे, सर्वधर्मसमभाव होतो. आम्ही माना डोलावल्या. गाणं खरं तर धर्माच्या नावाखाली माणसाला स्वतःच्याच शरीराची लाज वाटायला लावणाऱ्यांवर चिडून लिहिलेलं, व्हिडिओ ब्लॅक अँड व्हाइट, त्यात एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष आणि त्यांच्यावर चालून येणारा जमाव. सरांनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, आजही भेटले की म्हणतात ते चर्चवालं छान झालं होतं.

तर मुद्दा असा की तेव्हापासून कुठेही गिटार हातात घेतली की लोक तेच गाणं मागतात. पाहुण्याच्या हळदीत मागितलंय, गंगापूर धरणाच्या कडेला शेकोटीभोवती मागितलंय. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत काम करणारा साधा माणूस, मला एवढा वीट आला तर ज्याने ते गाणं आयर्लंडमधल्या आपल्या घराच्या पोटमाळ्यावर रेकॉर्ड केलं आणि पुढे अमेरिकेच्या चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत नेलं, ग्रॅमीला साँग ऑफ द इयरचं नॉमिनेशन मिळवलं, त्याचं काय होत असेल. एक गाणं एवढं मोठं झालं की मग माणूस त्या गाण्याचा नोकर होतो, वर्षाला दोन तसलीच गाणी पाडत बसायचं किंवा गप्प बसायचं, दोन्ही प्रकारचे गायक आपण बघितलेत. हा बाबा सावकाश चालला. पहिला अल्बम 2014, दुसरा एकदम 2019 मध्ये, तो अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला पण माझ्या मते तो थोडा बिचकत केलेला होता, मोठ्या हिटनंतर परीक्षेला बसलेल्या हुशार पोरासारखा, सगळं बरोबर आणि पेपर जरा लांबलेला. आणि मग हा तिसरा. माझ्यासाठी त्या हिटचं खरं उत्तर म्हणजे हाच.

आता माझी फजिती. पहिल्यांदा हा अल्बम ऐकला तो ऑफिसला जाताना, गाण्यांच्या एका अॅपच्या फुकट व्हर्जनवर. फुकट व्हर्जन म्हणजे तेव्हा शफल, म्हणजे गाणी त्याच्या मर्जीने, आणि मध्ये मध्ये जाहिराती. एक गाणं संपलं की बाई येऊन सांगणार प्रीमियम घ्या, मग एकदम भलतंच गाणं, मग फरसाणाची जाहिरात. मुंबई नाक्याच्या सिग्नलला अडकलो होतो, पाऊस होता, मी वैतागून ठरवलं की हा माणूस संपला, सोळा गाणी आणि एकाचा एकाशी संबंध नाही, कुठे व्हायोलिनं, कुठे टाळ्या, कुठे नाचाचा बास. आणि विषय बंद केला.

नंतर कुणीतरी सांगितलं की अरे येड्या ते उतरायचंय, म्हणजे क्रमाने ऐकायचंय. कारण लॉकडाऊनमध्ये होझिअरने दांतेचं ‘इन्फर्नो’ वाचलं, सातशे वर्षांपूर्वीचं इटालियन काव्य, नरकाची नऊ वर्तुळं, एकाच्या खाली एक, वर हलकी पापं आणि खाली खाली जाल तशी भयंकर, आणि त्याने अख्खा अल्बम त्या उतरणीवर रचलाय. आपल्याकडे तेराव्याच्या आत गरुडपुराण लावतात ते ज्यांनी लहानपणी कोपऱ्यात बसून ऐकलंय त्यांना हा हिशोब समजवायला नको, अमुक पापाला अमुक शिक्षा, तेलाची कढई वगैरे. फरक एवढाच की इथे शिक्षेपेक्षा शिक्षा भोगणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते गाण्यात आहे. आणि मी नरक शफलवर लावला होता. सातव्या वर्तुळातून दुसऱ्यात, तिथून फरसाण. मग एका महिन्याचे पैसे भरले, हेडफोन घेतला, आणि रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर लेण्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, खाली हायवेची गाडी न् गाडी दिसते तिथे, आणि पहिल्यापासून लावला. तासाभरापेक्षा थोडा जास्त आहे. उठलो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं आणि पायाला मुंग्या.

सुरुवात ‘डी सेल्बी’ नावाच्या दोन भागांच्या गाण्याने होते. डी सेल्बी हा फ्लॅन ओब्रायन या आयरिश लेखकाच्या कादंबरीतला एक चक्रम विद्वान, ज्याचं म्हणणं रात्र म्हणजे प्रकाश नसणं वगैरे काही नाही, ती काळी हवा आहे जी साचते. हा संदर्भ माहीत नसला तरी काही अडत नाही, मलाही नंतर कळला. पहिला भाग नुसती गिटार, बोटांनी वाजवलेली, आवाज इतका जवळ की शेजारी बसून कुणी बोलतंय, अंधारात आपण कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कळेनासं होतं असलं काहीतरी. आणि शेवटाकडे तो अलगद इंग्रजी सोडून आयरिश भाषेत शिरतो. साधारण अर्थ, तू उजळ स्वभावाची, पण माझ्याकडे येतेस ती रात्र पडल्यासारखी. शब्द कळत नाहीत तरी काहीतरी उघडल्यासारखं वाटतं, आपल्याकडे कीर्तनात बुवा गद्य बोलता बोलता एकदम ओवीत जातात ना, तसं. मग व्हायोलिनं चढतात आणि थांबायच्या आत दुसरा भाग सुरू, आणि तिथे बास असा येतो की मी कट्ट्यावर बसल्या बसल्या मान हलवायला लागलो, शेजारच्या काकूंनी बघितलं. हे दोन भाग मी शफलवर वेगवेगळे ऐकले होते. म्हणजे चहा आज आणि साखर परवा.

दुसऱ्या वर्तुळात ‘फ्रान्सेस्का’ आहे. दांतेच्या नरकात फ्रान्सेस्का आणि पाओलो हे दोघं वादळात कायम भिरभिरत असतात, प्रेम केल्याची शिक्षा. होझिअर तिच्याच बाजूने उभा राहतो आणि म्हणतो की परत संधी मिळाली तरी हेच करीन, वादळासकट. गिटार इथे खरी रॉकची, जाडजूड, शेवटी आवाज इतका वर नेतो की हेडफोनची किंमत वसूल. अल्बममधलं सगळ्यात थेट गाणं हेच. हळदीत कुणी चर्चवालं मागितलं तर मी हल्ली हे वाजवतो, निम्म्या लोकांना फरक कळत नाही.

‘ईट युवर यंग’ खादाडपणाचं. ऐकायला एकदम मजेदार, ठेका असा की पाय हलतो, आणि शब्द म्हणजे आपलीच पोरं शिजवून खा. आयर्लंडच्याच जोनाथन स्विफ्टने 1729 मध्ये गरिबांची पोरं श्रीमंतांना खायला विका असा टोमणा मारणारा निबंध लिहिला होता, त्याची आठवण होतेच. मला मात्र धरणातलं पाणी आणि पुढच्या पिढीचं काय यावर चार भाषणं देऊन लगेच नव्या टॉवरच्या बुकिंगला जाणारे लोक आठवले, असो, तो विषय वेगळा.

आता सगळं गोड गोड लिहीत नाही. मधला भाग ढिला आहे. ‘डॅमेज गेट्स डन’मध्ये ब्रँडी कार्लाइलसारखी जबरदस्त गायिका बोलावली आणि तिला दिलं काय, तर हायवेला रेडिओवर लागेल असलं गाणं, ऐकताना बरं, घोटी टोलनाका आला की विसरलेलं. ‘हू वी आर’मध्ये आवाज, ड्रम, व्हायोलिनं सगळे एकदम किंचाळतात, रागाचं वर्तुळ आहे मान्य, पण राग दाखवायला प्रत्येक वाद्याला फुल्ल करायची गरज नसते, ढोलपथकात नवीन आलेल्या पोरांना हेच शिकवायला सहा महिने जातात. व्हायोलिनांचा सोस या अल्बमला आहेच. जिथे एक गिटार आणि याचा आवाज पुरला असता तिथे मागे अख्खी वरात. पुरणपोळीवर तूप पाहिजे, पण पोळी तुपात बुडवली की पुरण कुठं गेलं. सोळाच्या ऐवजी तेरा गाणी असती तर मी आणखी अर्धा स्टार दिला असता. ‘सन ऑफ निक्स’ हा शब्द नसलेला तुकडा मात्र त्या तेरात राहू द्या. निक्स म्हणजे ग्रीकांची रात्रीची देवी, आणि त्याच्या बास वाजवणाऱ्या मित्राच्या वडिलांचं नाव निक, असा तो श्लेष. अल्बममधल्या बाकीच्या गाण्यांचे सूर त्यात तरंगत येतात, कढीत बुडालेले गोळे पळी फिरवल्यावर वर यावेत तसे.

‘एनिथिंग बट’ने मला सरळ सरळ फसवलं. हलकंफुलकं, गोड चाल, मी ते चक्क घरी स्वयंपाक करताना लावायचो, बायको म्हणाली हे छान आहे रोमँटिक. तिसऱ्या चौथ्यांदा शब्द नीट ऐकले तर तो म्हणतोय की मला काहीही कर पण तुझ्याजवळ राहायला लावू नको. वर्तुळ कुठलं आहे बघितलं तर आठवं, फसवणुकीचं! म्हणजे गाण्याने स्वतःच फसवणूक करून दाखवली. हे मला इतकं आवडलं की मी बायकोला सांगितलंच नाही, अजून ती पोळ्या करताना गुणगुणते.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते गाणं. ‘बुचर्ड टंग’, सातवं वर्तुळ, हिंसेचं. एखाद्याला वाटेल हिंसा म्हणजे तलवारी, बंदुका, आरडाओरडा. हे अल्बममधलं सगळ्यात शांत गाण्यांपैकी एक आहे. विषय गावांची नावं. आयर्लंडमध्ये इंग्रजांनी राज्य केलं, भाषा गेली, गावांची नावं इंग्रजांच्या जिभेला जमतील तशी मोडून लिहिली गेली. तो परदेशात फिरताना तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतली उरलेली गावांची नावं ऐकतो, अमेरिकेतली, आणि त्याला कळतं की इथेही तेच झालंय, माणसं गेली आणि नाव तेवढं पाटीवर राहिलं. मध्येच एका ओळीत 1798 चं वेक्सफर्डचं बंड येतं, तरुण पोरांचे कान कापले, डोक्यावर गरम डांबराची टोपी बसवली, हे तो आवाज जराही न चढवता सांगतो. ‘हू वी आर’मध्ये जे ओरडून जमलं नाही ते इथे कुजबुजून झालंय. आणि तरी गाणं कडू नाही, उलट अनोळखी मुलखात कुणीतरी प्रेमाने हाक मारली की मनावरचं ओझं कसं उतरतं तिकडे ते जातं.

मी नाशिकरोडला राहतो. पुढचं स्टेशन देवळाली. इंग्रजांनी 1861 मध्ये तिथे कॅम्प टाकला, हिंदुस्थानातली नोकरी संपलेल्या गोऱ्या सैनिकांना बोट मिळेपर्यंत तिथे ठेवायचे, बोटी ठरावीक महिन्यांतच, त्यामुळे महिनोन् महिने ऊन, डास, दारू आणि काम काहीच नाही. पोरं वेडी व्हायची. मग वेड लागलेल्याला इंग्रज म्हणायला लागले, याला ‘डुलाली टॅप’ झालाय. डुलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आज इंग्लंड आयर्लंडात कुणी चक्रमपणा केला की सहज म्हणतात हा डुलाली झाला, आणि म्हणणाऱ्याला माहीतही नसतं की हे एका गावाचं नाव आहे जिथे भगूरच्या रस्त्यावर भेळ चांगली मिळते, जिथे माझी मावशी राहते. मला हे शाळेतच कळलं होतं आणि तेव्हा भारी गंमत वाटली होती, आपलं गाव डिक्शनरीत! हे गाणं ऐकताना पहिल्यांदा ते जरा टोचलं. त्यांच्या गावांची नावं मोडली, आपलं मोडलं आणि वर वेडेपणाला दिलं. देवांच्या आळीचं, देवळाचं नाव ते, जे काही मूळ असेल ते.

शहराचं नावही बघा, मुघलांनी गुलशनाबाद केलं, पेशव्यांच्या काळात परत नाशिक झालं, इंग्रजांनी स्पेलिंगमध्ये एक अक्षर खाल्लं आणि ते अजून काही जुन्या बोर्डांवर खाल्लेलंच आहे. आणि नुसतं इंग्रजांच्या नावाने बोटं मोडण्यातही अर्थ नाही, पेठ सुरगाण्याकडे गेलं की कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या म्हाताऱ्या पाड्याचं नाव एक सांगतात आणि सरकारी पाटीवर भलतंच असतं, ते तर मराठीतच लिहिलेलं असतं, आपणच लिहिलेलं. पांडवलेणीच्या कट्ट्यावर मी हे गाणं परत मागे घेऊन तीनदा ऐकलं. पाठीमागे भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं, कुणी कुठलं गाव लेणीतल्या भिक्षूंना दिलं ते कोरलेलं, आणि ती नावं वाचता येणारे आपण नाही.

एवढं सगळं चांगलं म्हणून झाल्यावर एक विचित्र गोष्ट सांगतो. या अल्बममधून याचं अमेरिकेत पहिल्या नंबरचं गाणं निघालंच नाही. ते निघालं अल्बममध्ये न बसलेल्या, बाजूला ठेवलेल्या गाण्यांतून. 2024 च्या मार्चमध्ये त्याने उरलेल्यातली चार गाणी काढली, त्यातलं ‘टू स्वीट’ एप्रिलमध्ये एक नंबरवर पोचलं, चर्चवालं गाणं जिथे दोनवर थांबलं होतं त्याच्या पुढे. आयरिश कलाकाराला हे 1990 च्या शिनेड ओकॉनरनंतर पहिल्यांदा जमलं. पंगत उठल्यावर कढईच्या तळाची खरवड काढून दिली आणि गाव तिच्यावरच तुटून पडलं. गाणं चांगलंच आहे, उशिरा झोपणारा आणि कॉफी काळी पिणारा माणूस सकाळी लवकर उठणाऱ्या गोड मुलीला सांगतोय की तू मला झेपणार नाहीस, माझी अकरावीतली भाची दिवसभर तेच लावते. तिला विचारलं याची बाकीची गाणी ऐकलीस का तर म्हणाली, मामा एक जुनं आहे ना चर्चवालं. झालं. म्हणजे मध्ये दहा वर्षं आणि नऊ वर्तुळंबिर्तुळं याने कुणासाठी खोदली.

घ्यायचं कसं तेही सांगतो, रिव्ह्यू आहे म्हटल्यावर. कॉलेज रोडवरच्या मित्राने याची रेकॉर्ड मागवली, दोन तबकड्यांचा सेट, त्याला साडेतीन चार हजाराच्या घरात पडली आणि कुरिअरवाल्याने कोपरा दुमडून दिली, परत करायची तर विकणारा फोन उचलेना. वाजायला झकास वाजते. आणि तबकडी असल्याने उठून बाजू बदलावी लागते, दर चार गाण्यांनी आपणच आपल्या हाताने एक पायरी खाली उतरतो, ते या अल्बमला फार शोभतं. पण त्यासाठी तुम्ही प्लेअर घ्या असं मी म्हणणार नाही. फोनवर ऐका, शफल तेवढं बंद, जाहिराती बंद, स्पीकर नको हेडफोनच, आणि शब्द समोर ठेवा कारण याची इंग्रजी पहिल्या फटक्यात लागत नाही, माझी तर नाहीच लागली. पाचपैकी चार देतो. चर्चवाल्यासारखं दुसरं गाणं मिळेल म्हणून जाणार असाल तर नका जाऊ, तसलं एकही यात नाही, त्याचे वेगळे गुण द्यायला पाहिजेत खरं तर.

दोन गाणी मात्र मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती मला नाशकात कळलीच नाहीत, निफाडला कळली. मामांचा द्राक्षबाग आहे उगावच्या बाजूला. जानेवारीत गेलो होतो, पारा पाच सहाच्या आसपास, पहाटे साडेचारला मामांनी उठवलं, चल, शेकोट्या पेटवायच्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थंडी फार झाली की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, वर्षभराचा खर्च आणि कर्ज त्या दोन तीन रात्रींत जाऊ शकतं, म्हणून बागेत जागोजागी ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि पहाटे ठिबक सोडायचं, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. पाणी सोडून दिलं की मग काही करायचं नसतं, फक्त जागं राहायचं. मी कानटोपीच्या आत हेडफोन घातले.

‘टू समवन फ्रॉम अ वॉर्म क्लायमेट’ लागलं. थंड मुलखात वाढलेला पोरगा अंथरुणात शिरला की आधी स्वतःच्या श्वासाने पांघरूण गरम करायचा, आणि आता मोठेपणी त्याच्याआधी कुणीतरी तिथे ऊब करून ठेवलेली असते, एवढंच गाणं. त्यात तो एक आयरिश शब्द वापरतो ज्याचा अर्थ पाण्यामुळे आलेला गारवा, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात हात घातल्यावर लागतो तो. एका शब्दात एवढं सगळं. पाण्याला ते ‘इश्का’ म्हणतात, आपल्या इश्काचा संबंध नाही, पण गाण्यात मला तो लागला. रात्री मामींनी माझी गोधडी चुलीसमोर धरून मग अंगावर टाकली होती. लहानपणीही टाकायच्या. यावर मला आणखी काही लिहिता येत नाही.

आणि मग नववं वर्तुळ, ‘अननोन’. नरक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आग येते, दांतेने सगळ्यात खाली आग ठेवलीच नाही, तिथे बर्फ आहे, गोठलेलं तळं, आणि त्यात विश्वासघात केलेली माणसं गोठलेली. होझिअर इथे जवळच्या माणसाने दगा दिल्यावरचं बोलतो, ड्रम जपून, आवाज जपून, जणू जोरात बोललं तर काहीतरी तडकेल. मी चिमटीत एक घड धरून उभा होतो, बोटं बधिर, टॉर्चच्या उजेडात एकेक मणी बघत, तडकलाय का, नाही, हा नाही, हा पण नाही. आग बरी असं पहिल्यांदा वाटलं, आगीत निदान जाग असते. त्यानंतर शेवटचं ‘फर्स्ट लाइट’, बाहेर येण्याचं, आणि ते चालू असताना कादवा नदीच्या अंगाला खरंच फटफटायला लागलं, हे मी जुळवून सांगत नाहीये, वेळच तशी होती.

मामा बिडी पेटवत आले, काय भाचे, कुणाचं ऐकताय एवढं? म्हटलं मामा, एक आयरिश बुवा आहे. एक हेडफोन त्यांच्या कानाला लावला, थोडं ऐकलं, म्हणाले आवाज चांगलाय, काय सांगतोय? मी त्यांना फर्स्ट लाइटऐवजी मागचं ते गावांच्या नावांचं गाणं सांगितलं, इंग्रजांनी नावं कशी मोडली, आणि देवळालीचं डुलाली कसं झालं ते पण. मामा हसायलाच लागले. म्हणाले, अरे तुझे आजोबा निफाड स्टेशनवरून पॅसेंजरने भाजीच्या पाट्या घेऊन जायचे ना कॅम्पात, गोऱ्यांच्या मेसला. मी लहान असताना सांगायचे, साहेब म्हणायचा ‘डुलाली’, आम्ही म्हणायचो ‘हो साहेब, डुलाली’, आणि कोथिंबिरीच्या जुडीमागं एक पैसा जास्त लावायचो.

मग हेडफोन माझ्या हातात देऊन ते ठिबक बंद करायला गेले.